एप्रिल-मे तारला कोणी, बेंचवाल्यांनी की कोटीवाल्यांनी? (ब्लू जेज २०२५)

हॉटडॉग_मंगळवार (धागाकर्ता)

शनिवारी ब्रॅम्प्टनला मित्राकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका वर, आणि आम्ही सगळे बापे खाली बेसमेंटमधे चिवड्याचा डबा घेऊन. विषय अर्थातच ब्लू जेज, आपली टोरांटोची बेसबॉल टीम. वर्ल्ड सिरीजची (फायनलची) सातवी मॅच हरल्याची जखम अजून ओली आहे, त्यामुळे कोणी ना कोणी खपली काढतंच. यजमान म्हणाले, "व्लाडी (गरेरो, टीमचा सगळ्यात मोठा स्टार) नसता तर ही टीम मे महिन्यातच आटोपली असती." मी म्हटलं साफ चूक, उलट आहे सगळं. मग दोन तास भांडण. शेवटी वरून "तिळगूळ घ्या आणि गोड बोला" असा दम आला. तिथे अर्धवट राहिलेलं इथे मांडतोय.

ज्यांना बेसबॉलचं फार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सीझन १६२ मॅचचा, मार्चअखेर सुरू होतो तो सप्टेंबरअखेर संपतो, मग ऑक्टोबरमधे बाद फेऱ्या म्हणजे पोस्टसीझन. टीममधे २६ जण, त्यातले १३ पिचर (चेंडू टाकणारे). राहिले १३, त्यातले ९ जण रोज बॅटिंग करतात, म्हणजे बेंचवर उरले चार, आणि त्या चारातला एक राखीव कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) असतो. मी बोलतोय ते या उरलेल्यांबद्दल आणि जे आज आत उद्या बाहेर असतात त्यांच्याबद्दल, रोल प्लेअर म्हणतात ते.

आता २०२५ ची सुरुवात आठवा. २७ मार्चला घरच्या मैदानावर पहिली मॅच, बाल्टिमोरच्या ओरिओल्सनी ६ होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारून १२-२ ने धुतलं. सँटँडर, ज्याला ५ वर्षांचे ९ कोटी २५ लाख डॉलर देऊन आणला, आदल्या वर्षी ४४ होमरन मारलेला माणूस, त्याची बॅट बघून वाटायचं याला पत्ता चुकलाय. अख्ख्या सीझनमधे ६ होमरन, १७५ चं ॲव्हरेज (हजार प्रयत्नांत १७५ हिट), आणि मेअखेर खांदा गेला म्हणून बाहेर. पिचर शर्झर त्याच्या पहिल्याच मॅचला तीन इनिंग टाकून अंगठा धरून गेला तो जूनच्या शेवटी उगवला. आणि व्लाडी, १४ वर्षांचे ५० कोटी डॉलर, सहीची बातमी आली तेव्हा सीझनमधला पहिला होमरनसुद्धा आला नव्हता.

मग टीम तरंगती कोणी ठेवली? क्लेमेंट, लुक्स, स्ट्रॉ, हाइनमन, बार्गर आणि तो पिचर लाउअर. यातल्या अर्ध्या लोकांना आधीच्या टीमनी फुकट सोडलेलं. आणि शेवटी काय झालं, जेज आणि न्यूयॉर्कचे यांकीज दोघंही ९४-६८ (जिंकलेल्या-हरलेल्या). बरोब्बर सारखे! आपसातल्या मॅच ८-५ अशा आपल्या बाजूने होत्या म्हणून डिव्हिजन (आपला गट) मिळाली. म्हणजे एप्रिलमधली एक मॅच इकडची तिकडे झाली असती तर डिव्हिजन गेली असती. त्या मॅचेस कोणी जिंकून दिल्या हे विसरून आपण फक्त ऑक्टोबरचे हिरो आठवतो याचा मला राग येतो. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दोन महिन्यात टीम जगते ती किमान पगाराच्या साडेसात लाखवाल्यांवर, आणि मॅनेजमेंटने पुढचा पैसा तिथे खर्च करावा, आणखी एक सँटँडर आणण्यात नाही.

---

स्कारबरोचा_सदू

झालं, बेसमेंटमधलं सांडलेलं इथे आणून ओतलं.

साहेब, तुम्ही एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपला रेकॉर्ड होता २६-२८. हरलेल्या जास्त. टँपाला तिन्ही मॅच हरलो होतो, त्यातली एक १३-० ने. मग "तरंगती ठेवली" म्हणजे नक्की काय? नाकातोंडात पाणी गेलं होतं हो. तुमच्या बेंचवाल्यांच्या जिवावर दोन महिने काढले त्याचं फळ हे, यांकीज आठ मॅच पुढे. टीम वर आली ती स्प्रिंगर, बिशेट, कर्क, व्लाडी हे लोक एकदम पेटले तेव्हा.

आणि जिमेनेझला विसरलात की काय? तुमच्या थिअरीचा पोस्टरबॉय आहे तो. पहिल्या आठवड्यात चौथ्या नंबरवर खेळवला, चौथ्या!, जिथे टीमचा सगळ्यात मोठा मारणारा येतो तिथे, आणि त्याने ३ होमरन मारले. माझ्या ऑफिसातला एकजण जर्सी घ्यायला निघाला होता. सीझन संपला तेव्हा होमरन किती? ७. ॲव्हरेज २१०. म्हणजे जवळजवळ निम्मे होमरन पहिल्याच आठवड्यात संपवून बसला.

एप्रिलमधे कोणीही राजा असतो.

---

नाशिकची_सून

जिमेनेझची बॅट बघताय पण तो ग्लोव्हसाठी घेतलेला माणूस आहे हो, सेकंड बेसला तो जे चेंडू अडवतो ते बघून माझ्या सासूबाई, ज्यांना बेसबॉलचा ओ की ठो कळत नाही, त्यापण "अगंबाई" म्हणाल्या होत्या. त्याला चौथ्या नंबरवर पाठवणं ही मॅनेजरची हौस, त्यात त्याचा काय दोष.

---

एटोबिको_काका

मंडळी, मी एक्झिबिशन स्टेडियमच्या (जेजचं जुनं मैदान) लोखंडी बाकांवर कुडकुडत बसलेला माणूस आहे, स्कायडोम (आताचं रॉजर्स सेंटर) ८९ साली उघडला त्याच्या आधीचा. त्यामुळे जरा मागचं सांगतो.

जो कार्टर या खेळाडूचा १९९३ चा वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा होमरन सगळ्यांना पाठ आहे, टीव्हीवर इतक्या वेळा दाखवलाय की माझ्या नातवालाही पाठ आहे. पण १९९२ च्या वर्ल्ड सिरीजची दुसरी मॅच कोणाला आठवते? अटलांटाला पहिली हरलो होतो, दुसरीत नवव्या इनिंगला एक रनने मागे. बेंचवरून एड स्प्रेग नावाचा पोरगा उठवला, राखीव कॅचर, आणि त्याने त्यांच्या पिचर रिअर्डनला दोन रनांचा होमरन मारला. ५-४. ती हरलो असतो तर ०-२ होतं आणि पुढचं काय ते देव जाणे. त्या टीममधे स्टार कमी होते का? विनफिल्ड, अलोमार, कार्टर, मॉरिस. पण त्या रात्री उठला तो स्प्रेग.

तेव्हा सदूभाऊ, बेंचला हसू नका.

---

स्कारबरोचा_सदू

काका तुमच्याबद्दल पूर्ण आदर, पण स्प्रेगनी एक होमरन मारला आणि तो तीस वर्षं आठवणीत राहिला यातच उत्तर आलं ना. स्टारनी मारलेले तीस कोणी मोजत नाही कारण ते त्याचं कामच असतं. बेंचवाल्याने एक मारला की गोष्ट होते. आपल्याला गोष्टी आठवतात, हिशोब आठवत नाही.

---

आकडेमोड

दोन्ही बाजूंना थोडं थांबवतो. एप्रिलचे आकडे बघून कोणाबद्दलही काही ठरवणं म्हणजे पहिल्या पावसावरून धरण किती भरणार हे सांगण्यासारखं आहे.

साधा हिशोब बघा. एखादा खेळाडू पहिल्या दहा दिवसात ४० वेळा बॅटिंगला आला. ८ हिट मारल्या तर ॲव्हरेज २००, लोक शिव्या घालणार. १२ मारल्या तर ३००, लोक जर्सी घेणार. फरक किती, चार हिटचा. चार! आणि त्या चारातला एखादा चेंडू फिल्डरच्या ग्लोव्हच्या टोकाला लागून निसटलेला, एखादा वाऱ्याने आत पडलेला. रोल प्लेअरच्या बाबतीत हे अजून वाईट कारण त्याला ४० संधी मिळायला दहा दिवस नाही, महिना लागतो, आणि त्यापण निवडून दिलेल्या. म्हणजे डावखुरा बॅट्समन असेल तर उजव्या हाताच्या पिचरसमोरच खेळवायचा, अवघड पिचर आला की बसवायचा. लुक्सचं ॲव्हरेज चांगलं दिसतं त्यात त्याला कधी बाहेर ठेवला याचाही वाटा आहे. व्लाडीला असं कोणी लपवत नाही, समोर कोणीही असो तो जाणार.

म्हणून दोघांचे आकडे शेजारी ठेवून "हा चालला तो नाही चालला" म्हणणं मुळातच चूक. एकाला सोपा पेपर, दुसऱ्याला अख्खं पुस्तक.

---

हॉटडॉग_मंगळवार

@आकडेमोड सोपा पेपर? क्लेमेंटला सोपा पेपर? हा माणूस तिसऱ्या बेसला खेळतो, दुसऱ्याला खेळतो, शॉर्टस्टॉपला खेळतो, वेळ पडली तर पहिल्या बेसला उभा राहतो. २०२२ ला क्लीव्हलंडनी सोडला, ओकलंडनी उचलला आणि २०२३ च्या स्प्रिंगमधे त्यांनीही काढून टाकला, ओकलंडनी!, जी टीम त्या वर्षी ११२ मॅच हरली तिला हा नको होता. आणि त्याने २०२५ च्या पोस्टसीझनमधे ३० हिट मारल्या. आजपर्यंत एका पोस्टसीझनमधे एवढ्या कोणीही मारलेल्या नाहीत. कोणीही म्हणजे कोणीही, व्लाडी नाही, डॉजर्सचा सुपरस्टार ओहतानी नाही.

---

आकडेमोड

मान्य. पण तुमचा धागा एप्रिल-मेचा आहे, ३० हिट ऑक्टोबरच्या. आता तुम्हीच ऑक्टोबरचे हिरो आठवताय 🙂

---

बफेलो_बस

मी दरवर्षी दोन-तीनदा बायसन्सच्या (जेजची खालची टीम) मॅचला बफेलोला जातो, बॉर्डरला रांग नसेल तर दोन तासात पोचतो, त्यामुळे या लोकांना जवळून बघितलंय, थोडं त्याबद्दल लिहितो कारण इथे सगळे टीव्हीवरून बोलतायत.

सीझनच्या सुरुवातीला रोल प्लेअरचं आयुष्य काय असतं ते बघा. मेजर लीगचा किमान पगार २०२५ ला ७ लाख ६० हजार डॉलर. ऐकायला झकास. पण तो दिवसावर मिळतो. जितके दिवस वरच्या टीममधे तितके दिवसांचे, म्हणजे दिवसाला चारेक हजार. खाली बफेलोला पाठवला की जे मिळतं ते याच्या पासंगालाही पुरत नाही. आणि एकदा खाली पाठवला की बॅट्समनला निदान दहा दिवस वर आणता येत नाही, वर कोणाला दुखापत झाली तरच. त्यामुळे एप्रिलमधे या पोरांचा एक डोळा चेंडूवर आणि एक डोळा फोनवर. बार्गर सीझनच्या सुरुवातीला वरच्या टीममधे नव्हताच, एप्रिलमधे बोलावला. लाउअर एप्रिलच्या शेवटी. लाउअर तर आदल्या वर्षी कोरियात खेळत होता, मायनर लीगचा (खालच्या लीगचा) करार करून आला, आणि ९ जिंकून, फक्त २ हरून गेला.

मला आठवतंय, एका थंड दुपारी बफेलोला मॅच होती, तिसऱ्या बेसच्या बाजूला जेमतेम दोनशे माणसं असतील, सगळी जॅकेटमधे. मॅच संपल्यावर एक खेळाडू डगआऊटजवळ एकटाच उभा राहून बॅटच्या मुठीला नवी टेप लावत होता. जुनी नखाने सोलून काढली, मुठीवर हात फिरवून बघितला, मग वरून खाली एक एक वेढा ताणून. मधेच एक वेढा तिरका गेला तर पूर्ण उलगडून परत. दहा मिनिटं तेच. दुसऱ्या दिवशी त्याला वर बोलावणार होते की घरी पाठवणार होते, त्याला काय माहीत. नाव मुद्दाम सांगत नाही कारण तो पुढे फार काही करू शकला नाही.

आणि म्हणूनच मी हॉटडॉग साहेबांशी निम्माच सहमत आहे. त्यांनी नावं घेतली ती सगळी टिकलेल्यांची. न टिकलेले? ॲलन रोडन आठवतो का, स्प्रिंग ट्रेनिंगमधे (सीझनआधीच्या सरावात) तुफान मारत होता, पहिल्या दिवसापासून टीममधे घेतला, सगळे म्हणाले सापडला. मेमधे परत बफेलोला, जुलैअखेर मिनेसोटाला ट्रेड. पिचर बोडन फ्रान्सिस, २०२४ च्या शेवटी देवासारखा टाकत होता, २०२५ ला २ जिंकल्या, ८ हरल्या, आणि नऊ इनिंगमागे ६.०५ रन दिल्या. तेही रोल प्लेअरच होते, त्यांच्या जिवावर टीम जगली असं म्हणायचं का?

---

नाशिकची_सून

टेपवालं वाचून कसंतरीच झालं.

---

पहिल्यांदाच_बघतोय

नमस्कार, मागच्या ऑक्टोबरपासूनच बघायला लागलोय त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर माफ करा. हे स्टार आणि रोल प्लेअर ठरवतं कोण? पगार? कारण मग कर्क काय आहे? स्प्रिंगर काय आहे? मला तर मॅच बघताना सगळे सारखेच जाड दिसतात.

---

हॉटडॉग_मंगळवार

😂 कर्कला काही बोलायचं नाही. ५ फूट ८ इंच उंची, चालतो तेव्हा वाटतं शेजारचे काका दूध आणायला निघालेत. पण २५ एप्रिलला यांकी स्टेडियममधे नवव्या इनिंगला त्यांच्या पिचर डेव्हिन विल्यम्सला डबल (दोन बेसचा फटका) मारून दोन रन त्यानेच आणल्या आणि ४-२ ने जिंकवलं. त्या सिरीजमधल्या बाकी दोन्ही हरलो. मी वर ८-५ म्हटलं ना, त्यातली ही एक. ती हरलो असतो तर ७-६.

---

स्कारबरोचा_सदू

हो पण कर्कला मार्चमधेच ५ वर्षांचे ५ कोटी ८० लाख दिलेले, ऑलस्टार आहे तो. तो तुमच्या बाजूचा कसा? नावं पळवू नका राव. जो चालला तो रोल प्लेअर आणि जो पडला तो स्टार, असा खेळ असेल तर तुम्ही कधीच हरणार नाही.

---

एडिसनचा_बाप्या

न्यू जर्सीतून हजेरी, मेट्सवाला (न्यूयॉर्कची दुसरी टीम). तुमच्या दुःखात मीठ चोळायला आलेलो नाही, आमचं स्वतःचं भरपूर आहे.

पण हा वाद आम्ही २०२४ ला जगलोय. पहिल्या पाचही मॅच हरलो. लिंडोर, ३४ कोटींचा माणूस, त्याला चेंडू दिसतच नव्हता. न्यूयॉर्कमधे अशा वेळी काय होतं ते सांगायला नको, पण त्या एप्रिलला लोकांनी ठरवून तो बॅटिंगला आला की उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी होतो त्यात, टाळ्या वाजवताना शेजारचा म्हातारा पुटपुटत होता की याच्या पगारात मी अख्खं क्वीन्स विकत घेईन, पण वाजवत होता. जूनच्या सुरुवातीला जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या ११ ने जास्त. लिंडोरला मेमधे पहिल्या नंबरवर आणला तिथून तो सुटला, ३३ होमरन, एमव्हीपीच्या (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) मतदानात ओहतानीच्या मागे दुसरा. त्याच सुमारास ३१ मेला इग्लेसियस नावाचा चौतिशीचा माणूस मायनर्समधून बोलावला, त्याने ८५ मॅचमधे ३३७ मारलं आणि वर गाणंही काढलं.

आता सांगा आम्हाला कोणी वर काढलं? आमच्या घरात दोन मतं आहेत, मी लिंडोर म्हणतो आणि मुलगी इग्लेसियस, आणि मुलीच्या मते गाण्याचे मार्क वेगळे.

---

गल्लीतला_ओपनर

अहो आपली मुंबई इंडियन्सच घ्या ना, २०१५ ला पहिल्या चारही हरले आणि शेवटी कप उचलला, सुरुवातीचं काही खरं नसतं

---

एटोबिको_काका

१४ मॅचचं आणि १६२ मॅचचं गणित एक कसं होईल हो. प्रत्येक धाग्यात क्रिकेट आणलंच पाहिजे असा नियम आहे का?

---

गल्लीतला_ओपनर

सॉरी काका, सवय 🙏

---

पोळीभाजी_डबा

मी खेळाडूंबद्दल नाही, टीमबद्दल बोलते. आमची रविवारची सॉफ्टबॉल टीम आहे, मिक्स, जीटीएमधली (टोरांटो आणि आसपासची) बरीचशी आपलीच मंडळी. एकजण खरंच फार भारी मारतो, कॉलेजात खेळलेला आहे. मेमधे थंडी असते म्हणून येत नाही. कधी लेकाचं पोहणं, कधी पाठ. आम्ही आठ-नऊ जण कुडकुडत ग्राउंड बुक करून, बेस उचलून, हरत-जिंकत पॉइंट जमवतो आणि जुलैला साहेब टीशर्टमधे येतात, दोन होमरन मारतात आणि ग्रुपवर फोटो त्यांचा. ट्रॉफीच्या फोटोत मी अर्धी कापली गेलेय, खांदा दिसतो फक्त. तेव्हा मला हॉटडॉगचा राग कळतो.

पण प्रामाणिकपणे सांगू का, तो आला नसता तर ट्रॉफीच नसती. आम्ही जमवलेले पॉइंट घेऊन चौथ्या नंबरवर बसलो असतो.

---

स्कारबरोचा_सदू

ताई, हेच मी सकाळपासून ओरडतोय.

---

पोळीभाजी_डबा

थांबा, तुमच्या बाजूची पण नाहीये मी. आम्ही मेमधे कुडकुडलो नसतो तर त्याला जुलैमधे खेळायला टीम तरी कुठे होती.

---

आकडेमोड

पैशाच्या मुद्द्यावर कोणी बोललंच नाही अजून, मूळ धाग्यातला सगळ्यात कच्चा भाग तोच आहे. "पैसा रोल प्लेअरवर खर्च करा" म्हणजे काय? क्लेमेंट स्वस्त आहे म्हणूनच तो क्लेमेंट आहे. बाजारात जाऊन "मला एक क्लेमेंट द्या" म्हणता येत नाही. तो काढून टाकलेल्यांच्या ढिगातून निघतो, आणि त्या ढिगात आणखी चाळीस जण असतात जे क्लेमेंट होत नाहीत. तेव्हा खर्च करायचा तर शोधणाऱ्यांवर आणि शिकवणाऱ्यांवर. २०२५ ला नवा हिटिंग कोच आला, पॉपकिन्स, आणि सीझनअखेर काय दिसलं, २६५ हे टीमचं ॲव्हरेज, अख्ख्या मेजर लीगमधे सगळ्यात जास्त, आणि स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईक होऊन आउट) सगळ्यात कमी. हे एकट्या व्लाडीने होत नाही आणि एकट्या लुक्सनेही नाही. सगळ्यांनी एकाच पद्धतीने बॅटिंग केली, चेंडूला बॅट लावत राहायची, तेव्हा होतं.

आणि स्ट्रॉची गंमत तर अजून वेगळी. त्याला कोणी शोधून आणलेला नाही. जपानचा पिचर सासाकी मिळावा म्हणून जेजना परदेशी खेळाडूंवर खर्चायला जादा कोटा हवा होता, क्लीव्हलंडनी तो दिला पण अट अशी की स्ट्रॉ आणि त्याचा पगारही घ्या. सासाकी गेला डॉजर्सकडे, आपल्याकडे राहिला स्ट्रॉ. मिठाईवर मिळालेला रिकामा डबा असं सगळे हसले होते. त्याच डब्याने सेंटर फिल्ड सांभाळलं, तिथला नेहमीचा वार्शो जखमी असताना.

---

हॉटडॉग_मंगळवार

हे मात्र पटलं. शोधणाऱ्यांवर खर्च करा असं मी लिहायला हवं होतं. सँटँडरचा राग होता त्यामुळे घसरलो.

पण सदूला एक विचारायचंय. स्प्रिंगर. २०२४ ला २२० ॲव्हरेज, स्प्रिंग ट्रेनिंगमधे तर त्याहून वाईट, इथेच लोकांनी लिहिलं होतं की १५ कोटी पाण्यात गेले, आता त्याला बेंचवर बसवा. सीझनच्या सुरुवातीला खालच्या नंबरवर खेळत होता. वय ३५. तेव्हा तो स्टार होता का? मग त्याने ३०९ मारलं, ३२ होमरन, १ जुलैला कॅनडा डेला यांकीजविरुद्ध ग्रँडस्लॅम (एका होमरनमधे चार रन) धरून ७ रन एकट्याने आणल्या, आणि तू त्याला तुझ्या यादीत घातलास. नावं कोण पळवतंय?

---

स्कारबरोचा_सदू

ओके, हा बसला.

पण बघ, माझं म्हणणं त्यातूनच सिद्ध होतं असं मला वाटतं. मार्चमधे स्प्रिंगरला बसवून रोडनला रोज खेळवा असं म्हणणारे तुझ्याच गोटातले होते. मॅनेजरने ऐकलं असतं तर? स्टारला वाट बघायला मिळते याचं कारण त्याने आधी करून दाखवलेलं असतं. त्याला वेळ देणं म्हणजे लाड नाही. सँटँडरलापण म्हणूनच दोन महिने दिले, तो खड्ड्यात गेला, पण निर्णय चूक नव्हता.

---

बफेलो_बस

निर्णय चूक नव्हता हे तू खड्ड्यात नव्हतास म्हणून सोपं आहे 🙂 त्याच दोन महिन्यात बार्गरला रोज खेळवलं असतं तर कदाचित २६-२८ नसतं झालं. नंतर त्याने २१ होमरन मारले ना. आणि वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला बेंचवरून येऊन ग्रँडस्लॅम, वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात पिंच हिटरचा (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला आलेल्याचा) पहिला, आणि आदल्या रात्री हा गडी टीममधल्याच डेव्हिस श्नायडरच्या हॉटेलरूममधे सोफ्यावर झोपला होता. ५० कोटीवाला सोफ्यावर झोपतो का?

---

नाशिकची_सून

सोफ्यावर झोपल्याने होमरन येत असतील तर आमच्या ह्यांचं आत्तापर्यंत हॉल ऑफ फेममधे नाव लागलं असतं.

---

एटोबिको_काका

हसलो बेटा. पण आता माझं एक ऐका आणि मग मी औषध घेऊन झोपतो.

वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरी, सिॲटलविरुद्धची सातवी मॅच, २० ऑक्टोबर. सगळे म्हणतात स्प्रिंगरचा होमरन. मी ती इनिंग तीनदा परत बघितली. सातवी इनिंग, ३-१ ने मागे. बार्गर आला, घाई केली नाही, वॉक घेतला (चार वाईट चेंडू सोडून फुकट पहिला बेस). काइनर-फलेफा, जो ऑगस्टअखेर पिट्सबर्गने सोडल्यावर आपण उचललेला, त्याने सिंगल मारली. दोन माणसं बेसवर, आउट शून्य. आणि आला तुमचा जिमेनेझ, पहिल्या आठवड्यात चौथ्या नंबरवर खेळलेला, आता नवव्यावर. त्याने काय केलं? बंट. बॅट आडवी धरली, चेंडू नुसता मेलेला खाली टाकला, स्वतः आउट झाला आणि दोघांना एकेक बेस पुढे सरकवलं. मगच सिॲटलने पिचर बदलला आणि मगच स्प्रिंगर आला. ४-३.

@पहिल्यांदाच_बघतोय साठी सांगतो, या बंटला हिशोबात चेंडू खेळलाच नाही असं धरतात. ॲव्हरेज वाढत नाही, कमीही होत नाही. २१० चं २१०च.

---

स्कारबरोचा_सदू

काका पण बंट नसता तरी होमरन होमरनच होता, तिघंही आलेच असते घरी. ते दोघं पहिल्या-दुसऱ्या बेसवर असोत की दुसऱ्या-तिसऱ्या. उलट एक आउट फुकट दिला.

---

आकडेमोड

सदूचं बरोबर आहे, कागदावर त्या बंटची गरज नव्हती.

---

हॉटडॉग_मंगळवार

कागदावर! पिचर तोच राहिला असता, डबल प्लेची (एका चेंडूवर दोघं आउट) भीती डोक्यात असती, स्प्रिंगरने तोच चेंडू तसाच मारला असता कशावरून?

---

आकडेमोड

कशावरून नाही. तेच तर, मोजता येत नाही.

---

पहिल्यांदाच_बघतोय

म्हणजे स्वतः आउट होऊनही ॲव्हरेज कमी होत नाही? हे क्रिकेटमधे का नाही (सॉरी काका).

आणि एक, एप्रिलमधे मॅच बघायला जायचं असेल तर कुठली तिकिटं घ्यावी? बायको म्हणते थंडी असेल.

---

नाशिकची_सून

एप्रिलमधे छप्पर बहुतेक बंदच असतं हो, जॅकेट हातात घेऊन बसाल. मंगळवारची घ्या, २०२५ ला तरी एका डॉलरला हॉटडॉग होता. ५०० लेव्हलची (सगळ्यात वरची) स्वस्त असतात पण पायऱ्या फार उभ्या आहेत, सासूबाईंना घेऊन गेले होते तेव्हा त्या खाली उतरताना रामरक्षा म्हणत होत्या.

---

स्कारबरोचा_सदू

@हॉटडॉग_मंगळवार तू जाणारच असशील पहिल्या मंगळवारी. माझं पण तिकीट काढ. व्लाडीने त्या दिवशी मारला नाही तर हॉटडॉग माझ्याकडून, क्लेमेंटने मारला नाही तर तुझ्याकडून.

---

हॉटडॉग_मंगळवार

दोघांनीही नाही मारला तर?

---

स्कारबरोचा_सदू

मग घरून डबा.